डब्याचा दाखला

छायाचित्रणाच्या स्पर्धा हल्लीं इतक्या होतात कीं, त्यांपैकीं एकीच्या नियमांवर मासिकाचीं चार पानें खर्चीं घालणें कित्येक वाचकांस वावगें वाटेल. परंतु नियम हे नुसते नियम नसतात. ते करणाऱ्यांच्या मनांत त्या कलेविषयीं जी कल्पना असते तिचें प्रतिबिंब त्यांत पडलेलें असतें. आणि अलीकडे एका प्रसंगानें हें प्रतिबिंब आमच्या इतकें जवळून दृष्टीस पडलें कीं, त्याविषयीं मौन धरणें आम्हांस प्रशस्त वाटेना.

घडलें तें असें. आमच्या एका स्नेह्यांची नात पुण्यांत नववींत शिकते. आजोबांनीं तरुणपणीं न्हाणीघराच्या खिडकीस काळें कापड ठोकून आपले फोटो आपणच धुतलेले. त्या काळचें न वापरलेल्या कृष्णधवल कागदाचें एक पाकीट त्यांच्या पेटींत पडून होतें. नातीनें शीतपेयाचा एक रिकामा डबा घेतला. त्याचें तोंड कापून आंतून काळा रंग दिला, कुशीस मध्यावर सुईनें बारीक भोंक पाडलें, अंधारांत तो जुना कागद आंत गुंडाळून बसविला, वर पुठ्ठ्याचें झांकण घालून काळी चिकटपट्टी आवळली, आणि डिसेंबरच्या २२ तारखेस, म्हणजे सूर्य दक्षिणेकडे जास्तींत जास्त गेलेला असतो त्या दिवशीं, तो डबा गच्चीवरील टाकीच्या नळास तारेनें बांधला. ह्या कॅमेऱ्यास भिंग नाहीं, कळ नाहीं, विजेरी नाहीं. सूर्य रोज आपल्या वाटेनें जातां जातां आंतल्या कागदावर एकेक कमानदार रेघ उमटवून जातो. ज्या दिवशीं आभाळ भरून येतें त्या दिवसाची रेघ तुटते. पांच-सहा महिन्यांनीं कागद बाहेर काढला म्हणजे कोणत्याही रसायनांत न बुडवितां त्यावर चित्र उमटलेलें दिसतें. तें उलटें म्हणजे काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें असें असतें. तें स्कॅनरवर एकदां ठेवून सुलटें करून घेतलें कीं काम झालें.

पहिल्या वर्षीं काम झालें नाहीं. कागदावर दोन्ही कडांस सकाळ-संध्याकाळच्या रेघांचे तुकडे होते आणि मधली, म्हणजे दुपारची, जागा साफ कोरी होती. मुलीनें इंग्लंडांतील कोणा हौशी माणसाची कृति जशीच्या तशी उचलली होती. कोणी दुसरी मुलगी असती तर येथें कंटाळून थांबली असती. हिनें कंपासपेटी काढली. डबा ६.५ सेंटीमीटर रुंद व ११.५ सेंटीमीटर उंच, भोंक मध्यावर. तेव्हां डबा उभा असतां क्षितिजापासून सुमारें ४२ अंशांहून वर असलेल्या सूर्याचा किरण समोरच्या कागदावर न पडतां डब्याच्या तळावर पडणार. आतां पुण्याचा अक्षांश १८.५, २२ डिसेंबरास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस २३.४ अंश, म्हणजे वर्षांतील सर्वांत खालच्या मध्यान्हींसुद्धां तो पुण्यास ४८ अंशांवर असतो. इंग्लंडांत त्याच दिवशीं तो १५ अंशांच्याच आसपास रेंगाळतो. सारांश, इंग्रजी डब्यास जो मध्यान्हीचा सूर्य हिवाळाभर दिसतो तो पुणेरी डब्यास उभा बांधला तर बाराही महिने दिसावयाचा नाहीं! दुसऱ्या डिसेंबरांत तिनें डबा ४५ अंशांनीं मागें कलता बांधला. ३१ मे रोजीं उतरविला तेव्हां जानेवारीपासून एप्रिल अखेरपर्यंतच्या कमानी अखंड होत्या, आणि मे महिन्याच्या मात्र माथ्यावर तुटलेल्या होत्या. कारण मेच्या मध्यास पुण्याचा सूर्य थेट डोक्यावरून जातो, आणि तितकें वर पाहणें त्याही डब्यास साधत नाहीं. एका कोपऱ्यास वळवाच्या पावसाचे चार थेंब आंत शिरून पडलेला डाग होता. तो तिनें पुसला नाहीं.

दोन वर्षांचें हें चित्र तिनें विद्यार्थ्यांकरितां भरविलेल्या एका स्पर्धेस पाठविलें. अर्जांत कॅमेऱ्याची कंपनी व नमुना लिहिण्याकरितां रकाना होता. तिनें प्रामाणिकपणें "शीतपेयाचा डबा" असें लिहिलें. उत्तर आलें कीं, मूळ फाइलींत कॅमेऱ्याची नोंद नसल्यानें प्रवेशिका ग्राह्य धरतां येत नाहीं. आजोबांनीं दूरध्वनि केला, तेव्हां संयोजकांपैकीं एक गृहस्थ अत्यंत सौजन्यानें म्हणाले, "काका, हें फारच सुरेख आहे, पण तुम्ही हें हस्तकलेच्या प्रदर्शनांत पाठवा."

चित्रास बक्षीस मिळालें नाहीं ह्याचें आम्हांस कांहीं वाटत नाहीं. परीक्षकांनीं तें पाहून नाकारलें असतें तर आम्ही एक अक्षरही लिहिलें नसतें. त्यांनीं तें पाहिलेंच नाहीं, हें आमचें गाऱ्हाणें आहे.

संयोजकांच्या बाजूनें जें बोलतां येईल तें आधीं बोलूं. ते म्हणतील कीं, हल्लीं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानें कोणीही घरबसल्या वाघापासून हिमालयापर्यंत वाटेल तें चित्र निर्माण करतो. अशा काळांत खरें कोणतें व खोटें कोणतें हें ठरविण्यास कांहीं तरी कसोटी हवी, आणि फाइलींत कॅमेऱ्यानें केलेली नोंद ही त्यांतल्या त्यांत सोईची कसोटी आहे. भीति खरी आहे. ती आम्हांसही वाटते. परंतु ह्या भीतीवर जो उपाय योजिला आहे तो पाहिला म्हणजे हंसावें कीं रडावें हें कळेनासें होतें. ती नोंद म्हणजे फाइलीबरोबर चालणारीं चार अक्षरें होत. तीं बदलण्याचीं साधनें फुकट मिळतात, व शाळकरी मुलांसही तीं बदलतां येतात. ज्यास फसवावयाचें आहे त्यास ही कसोटी अडवीत नाहीं. ज्यास फसवावयाचें नाहीं त्यालाच ती अडविते. उलट डब्यांतील कागद हातांत धरतां येतो. सूर्यानें काळी केलेली रेघ, कडेची सुरकुती, पावसाचा डाग, हें सर्व त्यावर आहे. शेजारीं तो डबाही ठेवतां येतो. कोणत्या दिवशीं आभाळ होतें तें वेधशाळेच्या नोंदींशीं ताडून पाहतां येतें. हातच्या कांकणास आरसा कशाला? त्या स्पर्धेंत आलेल्या शेंकडों प्रवेशिकांत जी एकच वस्तुरूपानें अस्तित्वांत होती तिलाच संयोजकांनीं "पुरावा नाहीं" म्हणून परत पाठविलें.

हें झालें नोंदीविषयीं. परंतु खरा आक्षेप नोंदीचा नव्हताच, तो "हस्तकला" ह्या शब्दांत आहे. आमच्या सुशिक्षित घरांतून अशी एक समजूत दृढ झाली आहे कीं, जें दुकानांतून खोक्यासह आलें तें उपकरण, आणि जें घरीं केलें तें खेळणें. मुलानें फोटो काढावे असें वाटलें कीं बाप प्रथम दुकानाची वाट धरतो. साठ-सत्तर हजारांचें यंत्र घरीं येतें. दोन वाढदिवस व एक लग्न त्यांत सांपडतें. आणि मग तें कपाटांत जातें. ह्या समजुतीस इतिहासाचा किती आधार आहे तें पाहूं.

छायाचित्रणाचा आद्य जनक नीप्स ह्यानें १८१६ सालीं जी पहिली पेटी वापरली तिचें काय होतें? आपल्या मुलाची दागिन्यांची डबी त्यानें घेतली, आणि आजोबांच्या सूर्यसूक्ष्मदर्शकांतील भिंग तिला बसविलें. इंग्लंडांत टॉलबट ह्यानें १८३५ च्या उन्हाळ्यांत आपल्या लॅकॉक येथील वाड्याभोंवतीं ठेवलेल्या लाकडी पेट्या इतक्या लहान व ओबडधोबड होत्या कीं, त्याची पत्नी त्यांस उंदरांचे सांपळे म्हणे. त्यांपैकीं एका सांपळ्यांत वाड्याच्या जाळीदार खिडकीचें जें चित्र सांपडलें तें आज उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें निगेटिव्ह होय. ह्या दोघांच्या प्रवेशिका आमच्या संयोजकांनीं कोणत्या प्रदर्शनाकडे वळविल्या असत्या?

पण इतक्या दूर जावयास नको. कोल्हापूरचें उदाहरण आमच्या वाचकांस माहीत आहे. मात्र आपण तें सिनेमाच्या इतिहासांत ठेवून दिलें आहे, आपल्या घराच्या व्यवहारांत आणलेलें नाहीं. नाटकाचे पडदे रंगविणारे बाबूराव व आनंदराव हे दोघे पेंटर. चलच्चित्रें पाहून त्यांस वेड लागलें कीं, आपणही असें करावें. परदेशी कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती; तेव्हां जुन्या बाजारांतून चित्रें दाखविण्याचें यंत्र आणून त्याच्या अभ्यासावरून चित्रें घेण्याचें यंत्र आपणच करावयाचें त्यांनीं ठरविलें. १९१६ सालीं आनंदराव वारले. काम तेथेंच बुडावयाचें. पण बाबूरावांनीं आपले शिष्य दामले ह्यांस हाताशीं धरून १९१८ सालीं तें पुरें केलें. १९२० सालीं "सैरंध्री" पडद्यावर आला, आणि लोकमान्यांनीं बाबूरावांस "सिनेमा केसरी" म्हटलें. आनंदरावांनीं जें केलें त्यास पैशाची टंचाई कारण झाली हें खरें. पण टंचाई हजारों लोकांस होती. यंत्राच्या पोटांत काय चाललें आहे हें उघडून पाहण्याची जी हिंमत त्यांनीं केली ती टंचाईनें येत नाहीं. परदेशी कॅमेरा ज्यांनीं विकत घेतला त्यांना आम्ही कमी लेखीत आहों असें मात्र कोणी समजूं नये. दादासाहेब फाळके ह्यांनीं १९१२ सालीं कॅमेरा लंडनहून आणला, आणि तो उत्तम होता. पण भांडवलवाल्यांस पटविण्याकरितां त्यांनीं त्या कॅमेऱ्यानें काय केलें? कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरून रोज थोडथोडीं चित्रें घेत महिनाभराची अंकुराची वाढ कांहीं क्षणांत दाखविली. यंत्र लंडनचें होतें, कुंडी घरची होती. आणि भांडवलवाल्यांच्या तिजोरीचें दार कुंडीनें उघडलें.

अशा युक्त्या पुढारलेल्या काळांत शोभत नाहींत असें ज्यांस वाटतें त्यांनीं सुब्रत मित्र ह्यांचें कापड आठवावें. १९५६ च्या "अपराजितो"मध्यें काशीच्या एका जुन्या घराचें अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओंत उभारलें होतें. खऱ्या अंगणांत आभाळांतून सांवली न पाडणारा मंद उजेड उतरतो. स्टुडिओंतले दिवे तसा उजेड देत ना. मित्रांनीं अंगणावर पांढरें कापड ताणलें आणि दिवे माणसांवर न रोखतां त्या कापडावर रोखले. परतून जो उजेड खालीं आला तो पाहून कोणासही तें अंगण पुठ्ठ्याचें वाटलें नाहीं. आज शेंकडों रुपयांना विकल्या जाणाऱ्या रुपेरी व पांढऱ्या घडीच्या चकत्या म्हणजे ह्या कापडाचीच धाकटीं भावंडें होत. घरांत खिडकीपाशीं बसलेल्या आजीचा फोटो काढतांना तिच्या काळोख्या गालाच्या बाजूस एक धुवट पंचा कोणी धरला तर तें काम फुकट होतें.

आतां आमच्या लेखणीचें टोंक दुसऱ्या बाजूस वळविणें आम्हांस भाग आहे. कारण घरगुती युक्त्यांचे जे आज सर्वांत मोठे कैवारी आहेत त्यांची वकिली आम्हांस पत्करावयाची नाहीं. "जुगाड" हा हिंदी शब्द मराठींत शिरला आहे, आणि त्या नांवाखालीं पांच रुपयांत पन्नास हजारांचें भिंग, दोन मिनिटांत स्टुडिओ, असलीं आश्वासनें देणाऱ्या चित्रफितींचा सुळसुळाट झाला आहे. भंगारांतून विज्ञान शिकविण्याचें काम पुण्याच्या आयुकांतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत अरविंद गुप्तांनीं वर्षानुवर्षें केलें. त्यांच्या खेळण्यांशीं ह्या जादूगिरीची गल्लत करूं नये. गुप्तांच्या आगपेटीच्या खेळण्यांत युक्ति दिसते आणि तिचें कारणही दिसतें. जुगाडवाले युक्ति दाखवितात आणि कारण झांकतात.

एकच उदाहरण देतों. भिंग कॅमेऱ्यापासून पुढें सरकविलें म्हणजे मुंगी मोठी दिसते, हें खरें. आणि त्यासाठीं विकतच्या नळकांड्यांऐवजीं पुठ्ठ्याची काळी नळी चालते, हेंही खरें. ५० मिलिमीटरचें भिंग आणखी ५० मिलिमीटर पुढें नेलें कीं मुंगी आंतल्या पडद्यावर आपल्या खऱ्या आकाराएवढी उमटते. चित्रफीत येथें संपते. पण असें केल्यानें आंत येणारा उजेड चौथाई होतो, स्पष्ट दिसणारा भाग मुंगीच्या डोक्याएवढाच राहतो, आणि श्वासाच्या धक्क्यानेंही चित्र पुसट होतें, हें सांगावयाचें कोणी? घरचा मुलगा नळी करतो, काळाकुट्ट फोटो येतो, आणि तो काय समजतो? घरचें तें घरचेंच, आतां बाबांजवळ पैसे मागावे! अशा रीतीनें अर्धवट सांगितलेली युक्ति ही दुकानदाराची फुकट जाहिरात होते. खिडकींतल्या उन्हाचा कवडसा आरशानें मुंगीवर पाडावयाचा आणि कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर टेकावयाचा, एवढें सांगावयास आणखी अर्धें मिनिट लागलें असतें.

ह्यांतील कांहीं गोष्टी नुसत्या अपुऱ्या नाहींत, घातक आहेत. जुन्या फ्लॅशचें पोट उघडून त्यांतले भाग काढावे असें सांगणारे, त्यांतील विद्युत्संचायकांत विजेरी काढल्यावरही तीनशें व्होल्टपर्यंत दाब राहूं शकतो, हें सांगत नाहींत. ग्रहणांत क्ष-किरणांच्या फिल्मचा तुकडा डोळ्यांस लावण्याची सूचना तर अजूनही फिरते. डोळ्याचा पडदा जळतांना दुखत नाहीं, म्हणून ती विशेष वाईट. आणि घरगुती ग्रहणदर्शनास इतक्या धाडसाची गरजही नाहीं. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणांत ज्यांनीं पाठ सूर्याकडे करून पिठाची चाळणी भिंतीपुढें धरली त्यांस एका सूर्याऐवजीं शंभर कोरी दिसल्या असतील. चाळणीचें प्रत्येक भोंक हा एक कॅमेरा आहे. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरांत एका अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर बाहेरच्या गोपुराची उलटी आकृति पडते तीही अशाच एका झरोक्यानें. यात्रेकरू तो चमत्कार म्हणून पाहतात. त्यांस दोष देण्यापूर्वीं, बारा मेगापिक्सेलच्या यंत्रानें त्याचा फोटो काढून पुढें सरकणाऱ्या सुशिक्षितांस तो काय म्हणून दिसतो हें विचारावें.

मोराव्हियांतील मिरोस्लाव टिखी नांवाच्या एका गृहस्थाचेंही नांव हे कैवारी मोठ्या भक्तीनें घेतात. त्यानें डबे, पुठ्ठे व दोऱ्यांचीं रिळें ह्यांचे कॅमेरे केले, भिंगें दांत घासण्याच्या पेस्टनें व सिगारेटच्या राखेनें घांसलीं, आणि म्हातारपणीं त्याचीं चित्रें मोठमोठ्या प्रदर्शनांत गेलीं. कारागिरी विलक्षण खरी. पण त्या कॅमेऱ्यानें तो गांवांतील बायकांचे फोटो त्यांच्या नकळत काढीत फिरे. यंत्र घरगुती असल्यानें असल्या कृत्यास पावित्र्य येत नाहीं, एवढेंच आम्ही येथें नोंदवितों.

"स्वस्त तें महाग" अशी म्हण पुढें करून कोणी म्हणेल कीं, वेळेचीही किंमत असते. चार रविवार घालवून पुठ्ठ्याची नळी करण्यापेक्षां ती विकत कां घेऊं नये? घ्यावी कीं! ज्यास लग्नाचे फोटो काढून पोट भरावयाचें आहे त्यानें डब्यावर विसंबून राहावें असें आम्ही सांगत नाहीं. भिगवणच्या पाणथळींत संध्याकाळीं दूरवर उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांकरितां लांब पल्ल्याचें भिंगच लागतें. त्यास घरगुती पर्याय नाहीं, आणि तो आहे असें सांगणारा थापा मारतो. आमचें म्हणणें पैशाच्या बचतीचें नाहींच. ज्यानें एकदां डब्यांत उजेड धरून पाहिला आहे त्यास दुकानांत गेल्यावर काय मागावें हें कळतें. ज्यानें तें केलें नाहीं तो विक्रेता देईल तें घेऊन येतो. तिपाईचेंच पाहा. कॅमेऱ्याच्या बुडाशीं जें भोंक असतें तें पाव इंची स्क्रूचें, इंचास २० आटे. हार्डवेअरच्या दुकानांत त्या आट्यांचा आंखूड बोल्ट मागून घ्यावा, त्यास सुतळी बांधावी, सुतळीचें दुसरें टोंक पायाखालीं दाबून कॅमेरा वर ओढून धरावा. हात थरथरावयाचा थांबतो. ही सुतळी रात्रभर ताऱ्यांचे फोटो घेण्यास तिपाईची जागा घेणार नाहीं. पण देवळाच्या सभामंडपांत, जेथें तिपाई लावूं देत नाहींत, तेथें खिशांत मावणारी सुतळीच उपयोगी पडते.

महाग वस्तु घेणाऱ्या घरांतसुद्धां घरगुती अकलेवांचून चालत नाहीं, ह्याचें प्रत्यंतर मुंबई-कोंकणांत दर पावसाळ्यांत येतें. हजारों रुपयांचें भिंग मऊ चामडी पिशवींत गुंडाळून कपाटांत ठेवावें, आणि गणपति झाल्यावर काढावें तों आंत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! कपाटांत दमट अंधार असतो, आणि बुरशीस नेमका तोच हवा असतो. ज्या घरांत पापड ठेवण्यास घट्ट झांकणाचा डबा लागतो हें ज्ञान पिढ्यान्पिढ्या आहे त्या घरांत भिंगास तसाच डबा लागेल हें कोणास सुचूं नये, हें आश्चर्य होय. रबरी कडेचा एक प्लॅस्टिकचा डबा, तळाशीं सिलिका जेलचे खडे. निळ्या जातीचे खडे ओल पिऊन गुलाबी झाले म्हणजे तापवून पुन्हां वापरतां येतात. मात्र तो निळा रंग कोबाल्टचा असतो, सबब स्वयंपाकाच्या भांड्यांत ते तापवूं नयेत.

आणि स्वयंपाकघराचीच गोष्ट निघाली आहे तर हळदीविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. कपड्यावरील हळदीचा डाग कडक उन्हांत उडून जातो, हें कोणत्या गृहिणीस ठाऊक नाहीं? तोच डाग कागदावर मुद्दाम पाडावा. हळद स्पिरिटांत कालवून गाळावी, जाड कागदावर तिचा हात द्यावा, सांवलींत वाळवावा, वर पिंपळाचें पान ठेवून कांच दाबावी आणि तीन-चार तास उन्हांत ठेवावें. पानाबाहेरची हळद उडते, पानाखालची राहते. मग टाकणखाराच्या पाण्याचा हात दिला कीं राहिलेला पिंवळा भाग तांबूस-तपकिरी होतो. हळद व चुना ह्यांचें कुंकू करणाऱ्या समाजास हा रंग कां पालटतो हें निराळें सांगावयास नको. वनस्पतींच्या रंगांवर उन्हानें चित्रें उठविण्याचा अभ्यास हर्शेल ह्यानें १८४२ सालीं केला, आणि त्याच वर्षीं लोहाच्या क्षारांपासून निळीं चित्रें काढण्याची रीतही त्यानेंच शोधिली. पुढच्याच वर्षीं ॲना ॲटकिन्स ह्या बाईनें त्या निळ्या रीतीनें समुद्रशैवालांचीं चित्रें उठवून त्यांच्या पुस्तकाचा पहिला भाग काढला; तें छायाचित्रांनीं सजविलेलें पहिलें पुस्तक मानतात, आणि तें काढावयास तिला कॅमेराच लागला नाहीं! हळदीचें चित्र फार दिवस टिकत नाहीं, उजेडांत फिकें पडत जातें. वहींत मिटून ठेवावें लागतें. उजेड काय करतो हें जितक्या स्वस्तांत येथें कळतें तितक्या स्वस्तांत तें इतरत्र कळत असल्यास तें आम्हांस कोणी दाखवून द्यावें.

तेव्हां संयोजकांस आमचें मागणें मोठें नाहीं. अर्जांतील रकान्यापुढें "विकत घेतलेला अथवा घरीं केलेला" एवढे शब्द घालावे. आणि फाइलींत नोंद नसेल तेथें मूळ वस्तु पाहण्यास मागवावी. डबा व कागद घेऊन मुलगी येईल. तिला चार प्रश्न विचारावे. हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या वेधशाळेंत २०१२ सालीं एका विद्यार्थिनीनें बिअरचा डबा दुर्बिणीस बांधला व ती तो विसरून गेली. २०२० सालीं तो सांपडला तेव्हां आंतल्या कागदावर आठ वर्षें एक महिन्याच्या २,९५३ कमानी होत्या. त्या विद्यापीठानें तो डबा हस्तकलेच्या प्रदर्शनांत पाठविला नाहीं. आजवरच्या सर्वांत दीर्घ उजेडाचें चित्र म्हणून त्यानें तें जगापुढें ठेवलें.

संयोजकांनीं आम्हांस उत्तर पाठविल्यास तें आम्ही ह्याच पानांत छापूं. मुलगी त्याची वाट पाहत बसलेली नाहीं. मे महिन्याच्या तुटलेल्या कमानी पुऱ्या व्हाव्या म्हणून येत्या २२ डिसेंबरास ती दोन डबे बांधणार आहे: एक पूर्वीच्याच कलानें, आणि दुसरा जवळजवळ माथ्याकडे पाहणारा, वळवाचें पाणी आंत येऊं नये म्हणून भोंकावर कांचेची चकती बसविलेला. ती चकती आजोबांच्या जुन्या चष्म्याची घ्यावी कीं घेऊं नये ह्यावर सध्यां घरांत वाद चालला आहे, कारण चष्म्याची कांच म्हणजे भिंग, आणि भिंग आलें कीं सारें गणित पुन्हां मांडावें लागेल. पाकिटांत आतां चार कागद उरले आहेत.